मेण न पाजलेली गिटार

मास्तरांची गिटार आता माझ्याकडे असते. बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या बाजूला खिळ्याला टांगलेली. कधी एखादा पाहुणा हौसेने ती खाली काढतो, ॲम्पला जोडतो, आवाज जरा वाढवतो, आणि मग ती अशी काही शिट्टी मारते की शेजारची दारं उघडतात. पाहुणा कान दाबत म्हणतो, "ताई, हिला दुरुस्त का नाही करून घेत?" मी म्हणते, ती बिघडलेलीच नाही. पाहुण्याला वाटतं, म्हातारपणी बाईचं डोकं फिरलं. आता दर पाहुण्याला बसवून कोण सांगणार, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मास्तर आमच्या गायन पार्टीतले गिटारवाले. मी गाणारी. जयंतीला, नव्या विहाराच्या उद्घाटनाला, कुणाच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही भीमगीतं आणि बुद्धगीतं गायला जायचो. नाशिकरोडपासून चांदवड-येवल्यापर्यंत सगळा मुलूख टेम्पोत बसून पालथा घातला. मास्तर मूळचे चांदवडकडच्या खेड्यातले. नोकरीला ओझरच्या विमान कारखान्यात, वायरिंगच्या कामावर. आमच्याच कॉलनीत दोन खोल्यांचं घर. त्यांना नाव होतं, पण वाजवणाऱ्याला आमच्याकडे मास्तरच म्हणतात, आणि पुढेपुढे त्यांच्या बायकोसुद्धा त्यांना मास्तरच म्हणायच्या.

माणूस विक्षिप्त होता, हे आधीच सांगते. कार्यक्रमाला निघताना ते सगळं स्वतःचं घेऊन निघत. पाण्याची कॅन स्वतःची, डबा स्वतःचा, वायरचा बोर्ड स्वतःचा. एक छोटा ॲम्प, आणि तो चालवायला गाडीची एक जुनी बॅटरी, तीही स्वतःची. गावातल्या लोकांनी कितीही आग्रह केला तरी मास्तर आपल्याच कॅनमधलं पाणी पीत. आमचा ढोलकीवाला, जो पार्टीचा सगळा व्यवहारही बघायचा, त्यांना चिडवायचा, "मास्तर लग्नाला जातील तर मांडवसुद्धा घरून नेतील." मास्तर हसत नसत. म्हणत, "दुसऱ्याच्या पिनवर आपला आवाज ठेवू नाय."

दुसरं वेड मेणबत्त्यांचं. रविवारी विहारात वंदना झाली, लोक पांगले, की मास्तर प्रतिमांसमोरच्या विझलेल्या मेणबत्त्यांची थोटकं गोळा करत. खिशातून जुनी चाकूपट्टी काढून फरशीवरचं सांडलेलं मेणसुद्धा खरवडत. माझ्या आईला वाटायचं की यांच्या घरात वीज नाही. एकदा तिने न राहवून त्यांच्या हातावर मेणबत्त्यांचा नवा पुडा ठेवला. मास्तरांनी तो आदराने घेतला, दुसऱ्या रविवारी विहारात आणून लावला, आणि संध्याकाळी त्याची थोटकं घेऊन गेले. आईने कपाळावर हात मारला.

ते मेण कशाला लागायचं, ते सांगते. गिटारच्या तारांखाली एक चपटी डबी असते, तिला पिकअप म्हणतात. तिच्यात लोहचुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरच्या तारेचं थरथरणं ही डबी ऐकते आणि ॲम्पला सांगते. डबी जुनी झाली की वेढे सैल पडतात. मग ती नको तेही ऐकू लागते, बोटाची टकटक, शेजारच्या ढोलकीचा ठोका, आणि ॲम्पमधून बाहेर पडलेला स्वतःचाच आवाज. स्वतःचाच आवाज ऐकत बसली की शिट्टी सुरू. त्यावर उपाय म्हणजे डबी पातळ केलेल्या मेणात बुडवायची. मेण वेढ्यांच्या फटीत शिरतं, थंड होऊन घट्ट बसतं, आणि सैल तार हलायची थांबते. मास्तर याला 'मेण पाजणं' म्हणत. जिल्ह्यातल्या सगळ्या पार्ट्यांच्या, बँडवाल्यांच्या, बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रांच्या गिटारी त्यांच्याकडे मेण प्यायला येत.

येवल्याचे एक विणकर त्यांची तरुणपणी घेतलेली गिटार घेऊन आले, तेव्हा मी तिथेच होते. दिवसभर पैठणी विणायची आणि सांजेला गिटार वाजवायची, असा तो गृहस्थ. गिटार मुकी झाली होती. मास्तरांनी पिकअप काढला, मीटर लावून बघितला, काटा हलेना. म्हणजे आत कुठेतरी तार तुटलेली. वरची पट्टी सोडवून मास्तर चष्म्यावर चष्मा चढवून तुटलेलं टोक शोधत राहिले. सापडेना. चिमटा टेकवला की भीती, आणखी एखादा वेढा तुटायचा.

विणकर बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मास्तर, जरा माझ्याकडं द्या." त्यांनी बोट जिभेला लावलं आणि डबीवरून इतकं हळू फिरवलं की मला वाटलं ते नुसते हात लावून बसलेत. थोड्या वेळात एक लालसर कुसळ उभं राहिलं.

"तुटलेला धागा पळत नाय," विणकर म्हणाले. "तिथंच लपतो."

मास्तरांना ते वाक्य इतकं आवडलं की पुढे कुणाचं काही हरवलं, पोराचं लग्न मोडलं, कुणी रागावून यायचं बंद झालं, की ते हेच ऐकवत. त्या दिवशी टोकाला नवी तार जोडून कथलाचा डाग दिला, काटा हलला, आणि मग मेणाचं भांडं गॅसवर चढलं. थेट आचेवर नाही, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून. मेण फार तापलं तर डबीचं प्लास्टिक वाकडं होतं. थोटकांतल्या वाती आणि उदबत्तीची राख आधीच फडक्यातून गाळलेली. त्यात पेठ तालुक्यातून आणलेला मधमाश्यांच्या मेणाचा एक खडा, म्हणजे मेणाला तडा जात नाही. पिकअप दोरीला बांधून आत सोडला की बारीक बुडबुडे येऊ लागत. मास्तर भांड्यावर वाकून बसत. बुडबुडे थांबले की म्हणत, "पोट भरलं." आणि बाहेर काढून जुन्या बनियनने डबी पुसत, आंघोळ घातलेलं पोर पुसावं तशी. मास्तरांच्या बायको, आमच्या वहिनी, तेवढ्यात आतून बजावत, "ते भांडं माझ्या चहाच्या भांड्याशेजारी ठेवायचं नाय."

एका पौर्णिमेला कुणा दानशूराने विहारात सुगंधी मेणबत्त्या दिल्या. मास्तरांनी थोटकं आणली, वास घेतला नाही, वितळवली. पुढे कित्येक महिने अर्ध्या जिल्ह्याच्या गिटारींना मोगऱ्याचा वास येत होता. एका बँडवाल्याने विचारलं, "मास्तर, अत्तर पाजलं का हिला?" तेव्हापासून मास्तर विहाराच्या दारात उभं राहून मेणबत्त्या हुंगू लागले, आणि नव्या लोकांना ते काहीतरी विधी करताहेत असं वाटू लागलं.

मेण पाजण्याआधी आणि नंतर ते डबीची परीक्षा घेत. ॲम्प मोठा करायचा, तळहाताने तारा दाबून धरायच्या म्हणजे त्या वाजणार नाहीत, तोंड पिकअपला टेकेल इतकं जवळ न्यायचं आणि म्हणायचं, "हजर?" डबी सैल असली की ॲम्पमधून पत्र्याच्या डब्यातून यावं तसं "हजर" ऐकू यायचं. मेण पाजून झालं की पुन्हा "हजर?" आता ॲम्प गप्प. "गैरहजर," मास्तर म्हणत. "कॉइलनं तारेचं ऐकावं. माणसाचं ऐकायला माणसं आहेत." आणि गिटार मालकाच्या हातात देत.

एवढं सगळं असून त्यांची स्वतःची गिटार शिट्टी मारायची.

आता हे मला कसं सहन व्हावं? मी वरचा सूर धरलेला, समोर बायका डोळे मिटून ऐकताहेत, आणि मधेच मागून कुकर झाल्यासारखी शिट्टी. मास्तर झटकन आवाज कमी करत, मान खाली घालत. मी परतीच्या टेम्पोत तोंडाचा पट्टा सोडायची. "जगाला मेण पाजता, स्वतःच्या गिटारला का नाही?" ढोलकीवाला म्हणायचा, "दिव्याखाली अंधार, ताई." मास्तर कधी म्हणत वेळ झाला नाही. कधी म्हणत मेण संपलंय, आणि त्यांच्या माळ्यावर थोटकांचे डबेच्या डबे रचून ठेवलेले मी या डोळ्यांनी पाहिलेले. मला वाटायचं हट्टी आहेत, आणखी काही नाही. मला राग यायचा आणि तो मी लपवत नव्हते.

चांदवडच्या पलीकडच्या एका गावातली संध्याकाळ इथे सांगायला हवी. ती मी विसरले नव्हते. फक्त तिचा या शिट्टीशी काही संबंध असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

जयंतीचाच कार्यक्रम होता. वस्तीपुढच्या मोकळ्या जागेत छोटं स्टेज, साउंड भाड्याने आणलेला. दुसरं गाणं संपताना माईक गेला. साउंडवाला मागे जाऊन आला आणि खाली बघून म्हणाला, "वायर कापलेली हाय." पात्याने कापल्यासारखी, सरळ. कुणी कापली हे कुणी विचारलं नाही. तिथल्या लोकांना विचारायची गरज नव्हती, आणि आम्हाला रात्री त्याच रस्त्याने परत यायचं होतं. दिवे चालू होते. फक्त आमचा आवाज गेला होता.

ढोलकीवाला ढोलकी गुंडाळू लागला. जयंतीच्या सलग कार्यक्रमांनी माझा गळा बसलेला, माईकशिवाय तो दुसऱ्या रांगेपर्यंतही गेला नसता. समोर बायका लेकरं घेऊन बसलेल्या, त्या उठेनात. आणि मास्तर त्यांच्या बॅटरीवरच्या ॲम्पचा आवाज जमेल तितका वाढवून माझ्याजवळ आले. गुडघ्यावर बसले, गिटार आडवी करून माझ्या तोंडाशी धरली, तळहाताने सगळ्या तारा दाबल्या आणि म्हणाले, "ताई, हिच्यात गा. तोंड अगदी टेकवा."

मला कळेना. ते म्हणाले, "हिला ऐकू येतं. म्हणा."

मी गायले. आवाज कसला, डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखा. चारपाच रांगांपुढे जाईना. मग पुढे बसलेल्या बायकांनीच काय केलं, तर प्रत्येक ओळ ऐकून ती मागे वळून मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. मागच्यांनी त्यांच्या मागे पोचवली. मी एक ओळ म्हणायची आणि थांबायची, ती ओळ वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत जाऊन यायची, मग पुढची. सगळा कार्यक्रम असा झाला. मास्तर शेवटपर्यंत गुडघ्यावर होते. त्या संध्याकाळी त्यांनी एकही सूर वाजवला नाही. टेम्पोत बसताना त्यांना पाय सरळ करता येत नव्हता.

त्यानंतर वर्षं गेली. पार्टी वाढली, चांगले साउंड मिळू लागले. मास्तर निवृत्त झाले. त्यांची एकच इच्छा उरली होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. जन्मभर खेड्यापाड्यांत वाजवलं, एकदा आपल्या शहरात, जयंतीच्या मोठ्या स्टेजवर वाजवायचं. वहिनींनी त्यासाठी पांढरा सदराही शिवून ठेवला होता. आणि एका वर्षी आमच्या पार्टीला त्या स्टेजचं बोलावणं आलं. मास्तरांनी ते ऐकलं आणि विहारात जाऊन, थोटकं न उचलता, नुसते बसून आले.

दोन दिवस आधी दुपारी मैदानावर साउंडची तपासणी होती. भल्यामोठ्या स्पीकरांसमोर मास्तरांनी गिटार जोडली आणि अशी किंकाळी उठली की मंडप बांधणारे कामगार बांबू सोडून बघू लागले. साउंडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "काका, हे इथं चालणार नाही. उद्यापर्यंत पिकअपचं काम करून आणा, नाहीतर गिटार नको." ढोलकीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मास्तर म्हणाले, "करून आणतो." इतकं सहज म्हणाले की मी चकित झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. बघायचंच होतं मला. पिकअप बाहेर काढून दोरीला बांधलेला. गॅसवर पातेलं, त्यात भांडं, मेण वितळून पाण्यासारखं झालेलं. बाजूला खुर्चीवर पांढरा सदरा इस्त्री करून ठेवलेला. मास्तर दोरी हातात धरून उभे होते, सोडत नव्हते.

"ताई, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "आता तुम्हाला माईक मिळतो ना सगळीकडं?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ती सगळी संध्याकाळ, गुडघ्यावरचे मास्तर, मागे वळून ओळ पोचवणाऱ्या बायका, माझ्यापुढे उभी राहिली. इतकी वर्षं मी ज्या शिट्टीला शिव्या घातल्या ती ते माझ्यासाठी सांभाळत होते. मेण पाजलं की डबी बहिरी होणार. मग कधी वायर कापली, तर मी कशात गाणार?

'हो' म्हणणं सोपं होतं. त्यांना स्टेज मिळालं असतं. पण आदल्याच महिन्यात शहरातल्या एका सभागृहात आमचं एक गाणं सुरू होताच माझा आवाज हळूहळू आत गेला होता. वायर कुणी कापली नव्हती. साउंडच्या यंत्रावर बसलेल्या माणसाच्या कानात कुणीतरी येऊन काही सांगितलं, आणि त्याने माझ्या आवाजाची पट्टी खाली ओढली. सगळं अगदी सभ्यपणे झालं. मी ते कुणाला बोलले नव्हते. मास्तर त्या दिवशी आजारी होते, आले नव्हते.

"बहुतेक ठिकाणी मिळतो," मी म्हणाले.

"बहुतेक."

"हो."

मग त्यांनी हात लांबवून गॅस बंद केला. "मग राहू द्या," म्हणाले.

मी रडले. त्यांना विनवलं. म्हटलं मास्तर, मी गाईन कशीही, ओरडून गाईन, उद्याचं स्टेज सोडू नका. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मास्तर दोरी सोडवत म्हणाले, "स्टेजचं काय, तुम्ही आहात ना वर." भांड्यातल्या मेणावर साय धरू लागली होती.

जयंतीच्या संध्याकाळी गिटारशिवाय आम्ही स्टेजवर चढलो. मैदान भरून वाहत होतं. पहिलं गाणं सुरू करताना मी खाली बघितलं, आणि पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, तो पांढरा सदरा घालून मास्तर बसले होते. मांडीवर गिटार. पायांशी छोटा ॲम्प आणि ती जुनी बॅटरी. वायर जोडलेली. एक स्वयंसेवक त्यांना सामान बाजूला ठेवायला सांगत होता आणि मास्तर मान हलवत होते. शेवटी तो कंटाळून निघून गेला.

माईक सुंदर होता. मी घेतलेला श्वाससुद्धा मैदानाच्या टोकाला ऐकू जात असावा. इतकं सुख गाताना मला क्वचितच मिळालं असेल, आणि इतकं दुःखही. शेवटच्या गाण्यात, वरच्या सुरावर, माईक क्षणभर खरखरला. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मी खाली बघितलं. मास्तर अर्धे उठले होते, एक गुडघा वाकवलेला, तळहात तारांवर. मग आवाज नीट झाला आणि ते परत खुर्चीत बसले.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या, पुढची पार्टी चढू लागली. मी खाली उतरून थेट त्यांच्याकडे गेले. पाया पडायला वाकले तर त्यांनी हात धरून उठवलं. "जय भीम, ताई," म्हणाले. "लागली नाय ही."

"नाही लागली."

"बरं झालं." ते ॲम्पकडे वाकले, बटणावर हात ठेवला, आणि थांबले. गिटार उचलून त्यांनी माझ्या तोंडाशी धरली. "एकदा बघून घेऊ. पुढच्या वेळेला लागली तर."

आजूबाजूला एवढी गर्दी, स्पीकरचा एवढा गलका. मी ओठ पिकअपला टेकवले आणि म्हणाले, "हजर."

त्यांच्या पायांशी ठेवलेल्या ॲम्पमधून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा माझाच आवाज आला. मास्तरांनी समाधानाने मान हलवली आणि ॲम्प बंद केला.